पिशवीच्या आतलं हवामान

टेस्ट ट्यूब बेबीच्या प्रयोगशाळेत गर्भाची जी बडदास्त ठेवली जाते, ती त्या जिवाची पुढे आयुष्यभरात कुणी ठेवत नाही. इन्क्युबेटरचं तापमान ३७ अंश, कार्बन डायऑक्साइड साधारण ६ टक्के, ऑक्सिजन ५ टक्के. यांतला एखादा आकडा जरा हलला तरी मध्यरात्री गजर वाजतो आणि एम्ब्रियॉलॉजिस्टचा फोन खणखणतो. खोलीतली हवा गाळलेली असते, दिवे मंद असतात, अत्तर लावून आत यायची मनाई असते. काही ठिकाणी इन्क्युबेटरमध्येच कॅमेरा असतो आणि पेशी कधी दुभंगल्या याची मिनिटागणिक नोंद होते. पाचव्या दिवशी हा मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाएवढा गोळा थेंबभर द्रवासकट मऊ नळीतून गर्भाशयात सोडतात. डॉक्टर नळी बाहेर काढतात, ती रिकामी झाल्याची सूक्ष्मदर्शकाखाली खात्री करतात, आणि तिथे सगळ्या नोंदी थांबतात.

पुढची नोंद होते ती दहा-बारा दिवसांनी, बाईच्या रक्तात. गर्भधारणेच्या हार्मोनाचा आकडा, ‘बीटा’, किती आला एवढंच त्यातून कळतं. शून्याजवळ आला तर ‘राहिलं नाही’. का राहिलं नाही याचं उत्तर बहुतेक वेळा कुणाकडेच नसतं. मधल्या काळात गर्भाशयाच्या आत ऑक्सिजन किती होता, तिथला द्रव आम्लधर्मी होता की अल्कधर्मी, स्नायू शांत होते की हलत होते, यांतलं काहीच कुणी मोजलेलं नसतं. काचेच्या बशीतल्या पाच दिवसांचा तपशील फाइलभर आणि शरीरातल्या दहा दिवसांचा कोरा कागद, अशी ही विचित्र स्थिती आहे.

वंध्यत्वाच्या उपचारांना आता साडेचार दशकं उलटून गेली. या काळात स्त्रीबीज, शुक्रजंतू आणि गर्भ यांच्याबद्दलची माहिती कुठल्या कुठे गेली. कारण साधं आहे: त्या गोष्टी टेबलावर काढून ठेवता येतात. गर्भाशय टेबलावर काढून ठेवलं की ते गर्भाशय राहत नाही.

गंमत अशी, की या तंत्राच्या पहिल्या यशातच गर्भाशयाने आपलं महत्त्व दाखवून दिलं होतं. रॉबर्ट एडवर्ड्स आणि पॅट्रिक स्टेप्टो यांनी सुरुवातीची वर्षं बायकांना हार्मोनची इंजेक्शनं देऊन जास्त बीजं मिळवली, गर्भ तयार केले, आत सोडले, आणि एकामागून एक अपयश घेतलं. शेवटी त्यांनी औषधं बाजूला ठेवली आणि नैसर्गिक पाळीतलं एकच बीज घेतलं. त्यातून २५ जुलै १९७८ रोजी ओल्डहॅमला लुईस ब्राउन जन्मली. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींच्या प्रयत्नातून ‘दुर्गा’ जन्मली. त्यांनी औषधं वापरली होती, पण गर्भ लगेच आत सोडला नाही. तो ५३ दिवस गोठवून ठेवला आणि पुढच्या एका पाळीत सोडला. मुखर्जींचं काय झालं हे अनेकांना ‘एक डॉक्टर की मौत’ या चित्रपटामुळे माहीत आहे. सरकारी समितीने त्यांना खोटं ठरवलं आणि १९८१ मध्ये त्यांनी जीव दिला. त्यांच्या टिपणांना न्याय मिळाला तो १९९७ मध्ये, तोही पूर्वी परळच्या संशोधन संस्थेत असलेल्या डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या लेखामुळे. या आनंद कुमारांनी आणि डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी देशातलं पहिलं शास्त्रीय नोंद असलेलं टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आणलं होतं. म्हणजे ‘पहिले’पणाचा मान ज्यांच्या नावावर होता, त्यांनीच तो दुसऱ्याला देऊ केला. आपल्याकडच्या विज्ञानाच्या इतिहासात असे प्रसंग फार नाहीत.

ओल्डहॅम आणि कोलकाता, दोन्हीकडच्या वाटा वेगळ्या होत्या. पण दोघांनीही एक गोष्ट टाळली: इंजेक्शनांनी बिघडलेल्या अस्तरावर ताजा गर्भ सोडणं. आज जगभर ‘सगळे गर्भ गोठवा, पुढच्या पाळीत सोडा’ ही पद्धत रूढ झाली आहे. मुखर्जींनी ती साध्या सामग्रीनिशी करून पाहिली होती.

हे अस्तर म्हणजे गर्भाशयाच्या आतलं आवरण. दर महिन्याला ते मिलिमीटर-दोन मिलिमीटरपासून वाढत आठ-दहा-बारा मिलिमीटरपर्यंत जातं आणि गर्भ राहिला नाही तर गळून पडतं. प्राणिसृष्टीत हा प्रकार दुर्मीळ आहे. माणूस, काही माकडं, काही वटवाघळं, हत्तीचिचुंद्री आणि २०१७ मध्ये यादीत आलेला काटेरी उंदीर, एवढ्यांनाच पाळी येते. बाकीच्यांचं अस्तर गर्भ आल्यावर, त्याने खूण केल्यावर बदलतं. आपलं अस्तर गर्भाची वाट न बघता दर महिन्याला स्वतःहून बदलतं. या फरकाकडे आपण पुन्हा येऊ.

दवाखान्यात अस्तराची तपासणी होते ती सोनोग्राफीने. ‘अस्तर आठ झालंय, छान आहे’ किंवा ‘साडेसहाच आहे, गोळ्या वाढवू’ हे संवाद ज्यांनी उपचार घेतलेत त्यांना पाठ असतात. पण जाडी हा केवळ आकार झाला. त्या अस्तराची अवस्था काय, हे ओळखण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेत बॉस्टनजवळ झाला. पॅथॉलॉजिस्ट आर्थर हर्टिग आणि स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन रॉक यांनी १९३८ पासून दीड दशक, ज्या बायकांचं गर्भाशय काही कारणाने काढायचंच होतं, त्यांच्या संमतीने त्या काढलेल्या पिशव्यांमध्ये अगदी कोवळे गर्भ शोधले. २१० च्या आसपास बायकांमधून ३४ गर्भ मिळाले. माणसाच्या गर्भाचे पहिले दोन आठवडे दिसतात कसे, हे पाठ्यपुस्तकांत आलं ते त्यातूनच. रॉबर्ट नॉइज यांच्यासह या दोघांनी १९५० मध्ये एक निबंध लिहिला: अस्तराचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तो पाळीचा कितवा दिवस आहे हे कसं ओळखायचं. पन्नास वर्षं जगभरच्या डॉक्टरांनी तोच तक्ता वापरला. तुकड्याचं वय आणि कॅलेंडरचं वय जुळलं नाही तर ‘दोष’ सापडला असं धरून बायकांना औषधं दिली गेली. २००४ मध्ये अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर पडताळणी झाली, तेव्हा कळलं की ज्यांना मुलं सहज झाली आहेत त्यांच्यातही हा ‘दोष’ तेवढाच आढळतो. अर्धशतकाचा रिवाज मोडीत निघाला.

मेलेल्या, रंगवलेल्या तुकड्यातून वेळापत्रक कळेना. मग जिवंत बाईच्या शरीरात, तिला हातही न लावता काही कळेल का? अ‍ॅलन विलकॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नॉर्थ कॅरोलायनात तसा एक प्रयोग केला. गर्भधारणेसाठी प्रयत्न सुरू केलेल्या २२१ बायकांनी रोज सकाळची लघवी बाटलीत भरून ठेवली. त्यातल्या हार्मोनांवरून बीज कधी फुटलं आणि गर्भ कधी रुजला हे दोन्ही दिवस काढता आले. १९८८ मध्ये आलेला पहिला निष्कर्ष धक्कादायक होता: रुजलेल्या गर्भांपैकी ३१ टक्के गळतात, आणि २२ टक्के तर बाईला काही कळायच्या आतच. १९९९ चा दुसरा निष्कर्ष आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचा. टिकलेल्या गर्भांपैकी ८४ टक्के बीज फुटल्यानंतरच्या आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी रुजले होते. नवव्या दिवसापर्यंत रुजलेल्यांत गळण्याचं प्रमाण १३ टक्के, दहाव्या दिवशी २६, अकराव्या दिवशी ५२ आणि त्यानंतर ८२ टक्के. म्हणजे दार थोडाच वेळ उघडं असतं. पण उशीर कुणाचा? गर्भ मुळात अशक्त म्हणून रेंगाळला, की पिशवीच तयार नव्हती? लघवीच्या बाटलीतून याचं उत्तर मिळणं शक्य नव्हतं. त्यासाठी आत जायला हवं.

आत जाणं म्हणजे काय, हे समजून घ्यायला गर्भाशयाच्या चित्रांवर जरा अविश्वास दाखवावा लागतो. शाळेच्या पुस्तकात आपल्याला उलट्या नासपतीच्या आकाराचा पोकळ अवयव दिसतो. प्रत्यक्षात गर्भ नसताना आत पोकळी नसतेच म्हटलं तरी चालेल. इस्त्री केलेल्या खिशाच्या दोन कापडांसारख्या पुढची आणि मागची भिंत एकमेकींना टेकलेल्या असतात. मधे असतो तो द्रवाचा पातळसा थर, मायक्रोलिटरमध्ये मोजावा एवढा. गर्भ रुजण्याआधीचे दोन-तीन दिवस याच थरात काढतो. त्याला लागणारी साखर, प्रथिनं, वाढीचे घटक या द्रवात असतात, अस्तरातल्या ग्रंथी ते सोडत असतात. सुश्रुताने गर्भधारणेसाठी ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज अशा चार गोष्टी लागतात असं म्हटलं आहे. त्यावरून प्राचीनांना सगळं माहीत होतं म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी उभा राहणार नाही. पण चारांपैकी बीजावर आधुनिक वैद्यकाने अफाट काम केलं, ऋतू आणि क्षेत्रावर थोडंफार, आणि अंबूकडे मात्र परवापरवापर्यंत ढुंकून पाहिलं नाही, हे खरं.

या थरात सुई किंवा तार घालायची तर ती गर्भाशयमुखातून न्यावी लागते. नेताना योनीतले जिवाणू आत जाऊ शकतात, अस्तराला ओरखडा पडून रक्त येऊ शकतं, बाहेरची हवा शिरू शकते. रक्ताचा एक थेंब मिसळला की ऑक्सिजनचा आकडा गेला. त्यामुळे माणसाच्या गर्भाशयातली मोजमापं फार थोडी आहेत. इस्रायलमधल्या संशोधकांनी १९७६ मध्ये बायकांच्या गर्भाशयातलं तापमान, आम्लता आणि ऑक्सिजन मोजून ते आकडे प्रसिद्ध केले. डेन्मार्कमध्ये २००६ मध्ये काचतंतूच्या टोकावर बसवलेल्या सूक्ष्म संवेदकाने ऑक्सिजन मोजला गेला, तेव्हा आकडा स्थिर न राहता वरखाली होत असलेला दिसला. या दोहोंच्या मधे, १९९३ मध्ये, फिशर आणि बॅव्हिस्टर यांचा निबंध आला. हे बॅरी बॅव्हिस्टर म्हणजे १९६९ मध्ये एडवर्ड्स आणि स्टेप्टो यांच्याबरोबर बशीत माणसाच्या बीजाचं फलन घडवणारे. त्यांनी आणि फिशर यांनी ऱ्हीसस माकड, हॅमस्टर आणि ससा यांच्या बीजनलिकेत आणि गर्भाशयात ऑक्सिजन मोजला. आपण श्वास घेतो त्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के. माकडाच्या गर्भाशयात तो निघाला दीड ते दोन टक्के.

प्रयोगशाळांना हा आकडा पचायला वेळ लागला. कित्येक वर्षं जगभरचे गर्भ बशीत साध्या हवेतल्या ऑक्सिजनवर वाढवले जात होते, शरीरात मिळाला असता त्याच्या कित्येक पट. पुढे ५ टक्क्यांचे इन्क्युबेटर आले, आणि २०१२ च्या कोक्रेन आढाव्यात कमी ऑक्सिजनने जिवंत बाळ जन्मण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. शरीराच्या आत नुसतं डोकावून पाहिल्यामुळे उपचारात झालेल्या सुधारणेचं हे मला माहीत असलेलं सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. डोकावलं होतं माकडात, तरीही.

जीव वाढायचा तर प्राणवायू भरपूर हवा, अशी आपली सहज समजूत असते. सुरुवातीचा गर्भ या समजुतीच्या विरुद्ध वागतो. रुजल्यानंतर त्याच्या पेशी आईच्या अस्तरातल्या मळसूत्री रोहिण्यांपर्यंत पोचतात आणि त्यांची तोंडं चक्क बुजवून टाकतात. आईचं रक्त वारेत वाहू लागतं ते पहिल्या तिमाहीच्या अखेरीस. तोवर गर्भ जगतो तो अस्तराच्या ग्रंथींमधून पाझरणाऱ्या रसावर. लंडनचे एरिक जोनियो आणि केंब्रिजचे ग्रॅहम बर्टन यांनी या काळावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. जोनियो आणि सहकाऱ्यांनी, ज्या बायकांनी गर्भपाताचा निर्णय घेतला होता त्यांच्या संमतीने, सोनोग्राफीच्या आधाराने वारेच्या जागी ऑक्सिजनची सुई नेली. आठव्या आठवड्यात तिथला दाब पाऱ्याच्या २० मिलिमीटरपेक्षा कमी होता, बाराव्या आठवड्यात तो ५० च्या वर गेला. ऑक्सिजन वापरताना पेशीत काही दाहक उपपदार्थ तयार होतात, ते घडत्या अवयवांना इजा करू शकतात. म्हणून सगळे अवयव आकार घेईपर्यंत गर्भ मंद प्राणवायूत राहतो, असा या दोघांचा तर्क आहे. ज्या गर्भारपणात आईचं रक्त वेळेआधीच वारेत घुसलं, त्यांत गर्भपात जास्त दिसले. तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला सांगू नये म्हणणाऱ्या आज्यांना रोहिण्यांची तोंडं माहीत नव्हती, पण धोक्याची मुदत त्यांना बरोबर ठाऊक होती.

ऑक्सिजन मोजायला कठीण. हालचाल त्यामानाने सोपी, कारण ती सोनोग्राफीत दिसते. गर्भ नसलेलं गर्भाशय स्वस्थ पडून असतं ही समजूतही चुकीची. अस्तराच्या खालचा स्नायूंचा थर सारखा लाटा काढत असतो. बीज फुटायच्या सुमारास या लाटा गर्भाशयमुखाकडून वर जातात, मिनिटाला साधारण तीन. जर्मनीत कुन्झ आणि लायनडेकर यांनी १९९६ मध्ये किरणोत्सारी खूण लावलेले, शुक्रजंतूच्या आकाराचे कण योनीत ठेवून ते जातात कुठे हे पाहिलं. या कणांना शेपूट नव्हतं, पोहता येत नव्हतं. तरी ते काही मिनिटांत वर पोचले, आणि ज्या बाजूच्या अंडाशयात बीज पिकलं होतं बहुतांशी त्याच बाजूच्या नळीत. लाखो शुक्रजंतूंची शर्यत आणि त्यातला एक विजयी वीर, ही शाळेपासून ऐकलेली गोष्ट यापुढे जरा बेतानेच सांगावी. अर्धी वाट तर पिशवीच त्यांना उचलून नेते.

बीज फुटल्यानंतर प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि लाटा मंदावतात. मंदावायलाच हव्यात. फ्रान्समध्ये रेनातो फॅनशँ यांनी १९९८ मध्ये गर्भ सोडायच्या वेळी लाटा मोजल्या, तेव्हा ज्यांच्या लाटा जोरात होत्या त्यांच्यात गर्भ राहण्याचं प्रमाण घसरलेलं दिसलं. नळी गर्भाशयाच्या माथ्याला टेकली तरी लाटा उसळतात. म्हणून हल्ली निष्णात डॉक्टर ट्रान्सफर करताना माथ्याला स्पर्श होऊ देत नाहीत. बाहेर बसलेल्या जोडप्याला पाच मिनिटांचं किरकोळ काम वाटतं ते एवढं नाजूक असतं.

आता त्या पाळीच्या कोड्याकडे येऊ. आपलं अस्तर गर्भाची वाट न पाहता आधीच का बदलून बसतं? प्रजननतज्ज्ञ जॅन ब्रोसेन्स आणि निक मॅकलॉन यांच्या गटांनी २०१० मध्ये अस्तराच्या पेशी बशीत वाढवून त्यांच्या शेजारी माणसाचे गर्भ ठेवले. चांगला वाढणारा गर्भ असला तर पेशी फारशा बदलल्या नाहीत. वाढ खुंटलेला गर्भ असला तर त्यांनी आपले निरोप देणारे रेणू सोडणं थांबवलं, जणू त्याच्याशी बोलणंच तोडलं. माणसाच्या गर्भांत गुणसूत्रांच्या चुका भरपूर असतात. सदोष गर्भावर नऊ महिने घालवणं आईच्या शरीराला परवडणारं नाही, म्हणून अस्तर आधीच सज्ज होऊन तपासनीस म्हणून बसतं, असा हा विचार. पुढे २०१२ मध्ये असं दिसलं, की वारंवार गर्भपात होणाऱ्या बायकांच्या अस्तरपेशी चांगल्या आणि वाईट, दोन्ही गर्भांकडे सारख्याच ओढल्या जातात. म्हणजे त्यांची पिशवी गर्भ नाकारते असं नाही. ती कुणालाच नाकारत नाही, आणि मग महिन्या-दोन महिन्यांनी तो टिकत नाही. ‘तुझी पिशवी गर्भ धरत नाही’ असं सासरच्यांकडून ऐकत आलेल्या बाईला हे कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं. धरते, जरुरीपेक्षा जास्तच धरते.

हे सगळं ज्ञान बशीतलं, माकडातलं, नाहीतर सुईच्या टोकावरच्या काही मिनिटांचं. त्यात मोकळ्या जागा खूप. आणि जिथे माहिती नसते तिथे बाजार उभा राहतो. २००३ मध्ये इस्रायलमध्ये एका लहान अभ्यासात दिसलं, की आधीच्या पाळीत अस्तराचे तुकडे घेतलेल्या बायकांना पुढच्या पाळीत गर्भ जास्त राहिला. झालं. ‘स्क्रॅचिंग’ जगभर पसरलं, बायकांनी दुखणं सोसलं, पैसे भरले. २०१९ मध्ये १,३६४ बायकांची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. ओरखडा काढलेल्यांत बाळंतपणाचं प्रमाण २६.१ टक्के, न काढलेल्यांतही २६.१ टक्के. दशांशापर्यंत तेच. स्पेनमधून आलेली ‘ईआरए’ ही अस्तरातल्या २३८ जनुकांची तपासणी जास्त हुशार होती. प्रत्येक बाईचं दार कधी उघडतं ते सांगायचं आणि ट्रान्सफर काही तास पुढेमागे करायचं. भारतातही ती जोरात खपली. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ७६७ जणींच्या चाचणीत वेळ जुळवलेल्यांत ५८.५ टक्के बाळंतपणं झाली, न जुळवलेल्यांत ६१.९ टक्के. उंदरांनीही एकदा असंच फसवलं होतं. एलआयएफ नावाचं प्रथिन नसलेल्या उंदरिणीत गर्भ रुजतच नाही हे १९९२ मध्ये सिद्ध झालं. ते प्रथिन टोचून बायकांना गर्भ राहील अशी आशा होती, पण २००९ च्या चाचणीत त्याने काहीही सुधारलं नाही. या तिन्ही कल्पना मूर्खपणाच्या नव्हत्या. पण गर्भ ज्या पाळीत आत सोडला त्या पाळीत पिशवीत खरोखर काय चाललं होतं, याचं मोजमाप तिन्हींच्या मागे नव्हतं. ईआरएचा तुकडा तर आधीच्या पाळीत घ्यावा लागतो, कारण त्याच पाळीत घेतला तर गर्भ राहायचाच कुठे?

आपल्याकडे या बाजाराला एक देशी पदरही आहे. क्षयाचे जंतू फुप्फुसातून रक्तावाटे नळ्यांत आणि अस्तरात जातात, आणि ताप-खोकला काही नसताना आतल्या आत वणच उरतो. पाळी कमी कमी होत जाते, दुर्बिणीतून पाहिलं तर भिंती एकमेकींना चिकटलेल्या. या चिकटण्याला तेल अवीवच्या जोसेफ अ‍ॅशरमन यांचं नाव १९४८ पासून आहे. भारतात वंध्यत्वाची तपासणी क्षयाचा विचार केल्याशिवाय पुरी होत नाही ती यामुळे. पण नुसत्या पीसीआरच्या एका ‘पॉझिटिव्ह’वर सहा महिने क्षयाची औषधं सुरू करावीत का, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. जंतूचा तुकडा सापडणं आणि आजार असणं यांत अंतर असतं. माझं मत विचाराल तर, दुर्बिणीत किंवा पॅथॉलॉजीत आजाराची खूण दिसल्याशिवाय ती गोळ्यांची पाकिटं घरी नेऊ नयेत.

मोजमापाच्या या दुष्काळावर इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमध्ये एक उपाय शोधला गेला. प्रजननतज्ज्ञ यिंग चियाँग आणि निक मॅकलॉन यांच्यासह इलेक्ट्रॉनिक्सचे प्राध्यापक हायवेल मॉर्गन कामाला लागले आणि त्यांनी गर्भाशयात ठेवायचा एक बिनतारी संवेदक घडवला. तो अर्ध्या सेंटिमीटरहून लहान आहे आणि त्यात बॅटरी नाही. कपड्यांच्या आत घालायच्या पट्ट्यातलं यंत्र त्याला बाहेरून ऊर्जा पुरवतं आणि त्याचे आकडे वाचतं. तापमान, आम्लता आणि विरघळलेला ऑक्सिजन अशा तीन गोष्टी तो मोजतो, तेही बाई घरी, ऑफिसात, झोपेत असताना. याच गटाने २०१८ मध्ये तोवरचे सगळे प्रयोग एकत्र करून पाहिले, तर हाती लागले ते बहुतेक प्राण्यांवरचे, आणि माणसांवरचे जे होते ते तुरळक. एका क्षणाचा आकडा आणि आठवडाभराचा आलेख यांत केवढा फरक आहे, हे डेन्मार्कच्या वरखाली होणाऱ्या आकड्याने आधीच दाखवलं होतं.

पण या कल्पनेत एक अडचण आहे, आणि ती मला फार रोचक वाटते. गर्भाशयात बाहेरची वस्तू ठेवली की तिथे सौम्य दाह होतो आणि गर्भ रुजत नाही. याच तत्त्वावर जॅक लिपीस यांचा लूप चालला, जो १९६५ पासून भारताच्या कुटुंबनियोजनात बायकांना बसवला गेला, आणि त्याच्यानंतरच्या तांबीच्या कामातही या दाहाचा वाटा असतो. म्हणजे गर्भ का राहत नाही हे शोधायला जे यंत्र आत ठेवायचं, ते आत असेतोवर गर्भ राहूच नये याची तजवीज करतं. शिवाय ते जे मोजेल ते त्याच्याभोवतीच्या दाहासकट मोजेल. त्यामुळे संवेदक लहान हवा, थोड्या दिवसांसाठी हवा, आणि त्याचे आकडे त्या पाळीचे असले तरी उपयोग होणार पुढच्या पाळीत. ईआरएचं दुखणं इथेही सुटत नाही. मॅकलॉन यांच्या गटाने दुसरी एक वाट आधीच तपासली होती: ट्रान्सफरच्या अगदी आधी नळीने द्रवाचा कण ओढून घ्यायचा. २००३ मध्ये त्यांनी दाखवलं की त्याने गर्भ राहण्याचं प्रमाण घटत नाही. त्या कणातली प्रथिनं वाचता येतात. त्यातला ऑक्सिजन मात्र नळीत येताच उडून जातो. तिसरी वाट अस्तराचे छोटे गोळे बशीतच वाढवायची. केंब्रिज आणि बेल्जियममध्ये २०१७ मध्ये तसे गोळे तयार झाले आणि ते हार्मोनांना खऱ्या अस्तरासारखं उत्तर देतात. त्यांच्यावर गर्भासारख्या कृत्रिम गोळ्यांचं रुजणंही पाहून झालं आहे. पण त्या बशीत रक्त वाहत नाही आणि लाटा येत नाहीत.

कुठलीही वाट घ्या, आलेख हाती आला की त्याच्या शेजारी ठेवायला दुसरा आलेख लागतो. दोन टक्के ऑक्सिजन कमी की बरोबर, हे ठरवणार कशावरून? त्यासाठी ज्यांना दिवस सहज जातात अशा बायकांच्या पाळ्यांच्या नोंदी हव्यात, भरपूर हव्यात, निरनिराळ्या वयांच्या आणि निरनिराळ्या देशांतल्या हव्यात. नेमक्या त्याच सर्वांत कमी आहेत, कारण अशा बायका वंध्यत्वाच्या दवाखान्याची पायरी चढतच नाहीत, आणि स्वतःच्या पिशवीत आठवडाभर यंत्र ठेवून घ्यायला त्यांच्याकडे काही कारणही नसतं.